मोठ्यातून लहान

२२ एप्रिल, मंगळवार

"मुलांना शंका आली, म्हणजे तुमचा पाठ फसला." डी.एड.ला असताना अवधूत सर म्हणाले होते. पंचवीस वर्षं झाली. आज नववीचे बीजगणिताचे पेपर तपासताना आठवलं. छत्तीस पेपर – आणि शंका एकालाही नाही. चुकलंय, पण सगळे ठाम!

अनुजाला चाळीसपैकी नऊ. अक्षर इतकं देखणं की लाल पेन टेकवताना जिवावर येतं. २x = १ – ७. इथपर्यंत बरोबर. पुढच्या ओळीत २x = ६. उणे चिन्ह गायब! प्रत्येक गणितात तेच. शेवटी चिडून रेघाच मारल्या. प्राथमिकच्या बायका नक्की शिकवतात तरी काय?

२४ एप्रिल

मोठ्या बाईंनी, म्हणजे सुनेत्राबाईंनी, यादी मागितली. दहावीला गणितात अडकतील अशा मुलांची. त्यांना नववी पास करून दाखला हातात द्यायचा. दहावी त्यांनी बाहेरून द्यावी, सतरा नंबरचा फॉर्म भरून. शाळेचा निकाल शंभर टक्के. "परळमधली मराठी शाळा टिकवायचीय ना? मग मन घट्ट करा, बाई."

चहा पिताना हितेंद्र सर म्हणाले, "मुलांना नसेल येत, आपल्याला वजाबाकी झकास जमते!" सगळे हसले. मीही.

पाच नावं दिली. पाचवं अनुजाचं.

२८ एप्रिल

अनुजाची आई आली. सुभद्रा. करी रोडच्या टॉवरमध्ये चार घरच्या पोळ्या करते. मधल्या वेळात धावत आलेली. कोपराला पीठ तसंच. मी समजावलं – दडपण कमी होईल, घरी निवांत अभ्यास करेल. किती गोड बोलता येतं मला! निवांत? त्या एका खोलीत, पाच माणसांत?

वाद घातला असता तर बरं वाटलं असतं. "तुमी सांगतास म्हंजे बरोबरच आसतला, बाई." सही केली. जिना उतरताना म्हणाली, "तवसर माझ्यावांगडा कामाक येयत."

म्हणजे आईसोबत पोळ्याच. तिथून वहीकडे कोण परत येतं?

३० एप्रिल

जेवण गेलं नाही.

२ मे

अनुजा दाखला न्यायला आली, एकटीच. ऑफिसातला राकेश जेवायला गेलेला, म्हणून माझ्यासमोर येऊन बसली. काहीतरी बोलायचं म्हणून तिचा पेपर काढला.

"एकातून सात गेले तर सहा कसे गं?"

"मोठ्यातून लहान काढायचं ना, बाई."

"आणि लहानातून मोठं?"

"जातच नाही!"

"कोणी सांगितलं तुला हे?" माझा आवाज चढला.

तिला वाटलं मी गंमत करतेय. "काय बाई! तुम्हीच की. दुसरीत. आमच्या बाई बाळंतपणाच्या रजेवर होत्या, तेव्हा." आणि टाळ्या वाजवत म्हणूनच दाखवलं – मोठ्यातून लहान काढा, उलटं कधी नाही! हेलसुद्धा माझाच.

चार महिने होते मी त्या वर्गावर. मग हायस्कूलला आले आणि विसरले. सगळा वर्ग एका सुरात म्हणायचा. कोण अभिमान मला!

दाखला घेऊन वाकून नमस्कार केला तिने. मी "सुखी राहा" म्हणाले.

ती गेल्यावर पेपर पुन्हा तपासला. तेवढी एक चूक सोडली, तर एकतीस.

३ मे

यादीतल्या उरलेल्या चौघांचे पेपर काढले. तीच चूक. जुनं हजेरीपत्रक शोधलं. चौघंही त्याच दुसरीतली.

सुनेत्राबाईंना अर्ज लिहिला. नाहीच म्हणणार त्या – दाखले गेले, विषय संपला. तरी लिहिलं: मी शिकवलेलं या मुलांच्या अजून पक्कं लक्षात आहे, एवढाच त्यांचा दोष. पाचही जणांना दहावीत परत घ्यावं, ही विनंती.