ग्रीनहाऊसचं सुधारित अंदाजपत्रक

२ जानेवारी, सकाळी ७
रिटायर होऊन दोन दिवस झाले. ऑफिस माझ्याशिवाय कसं चाललं असेल, काळजी वाटते. अजून फोन नाही. बहुधा संकोचत असतील.

निर्णय झाला. गच्चीवर ग्रीनहाऊस, त्यात ऑर्किड. एकतीस वर्षं अंदाजपत्रक शाखेत काढलेल्या माणसाला बारा बाय दहाचं काचेचं घर म्हणजे डाव्या हातचा मळ.

५ जानेवारी
निधीचा प्रश्न. माझी ग्रॅच्युइटी घराच्या कर्जात गेली. बायकोकडे सत्तर हजार आहेत, शिवणकामातून सहा वर्षांत साठवलेले. गच्चीवर पत्र्याची शेड घालून मशीनं वर न्यायची, असा तिचा बेत. सध्या दोन मशीनं, कापडाचे गठ्ठे, ती आणि तिची मदतनीस बाई, सगळं हॉलमध्ये. मला पेपर वाचायला सोफ्याचा एक कोपरा उरतो. त्यातही टाचण्या असतात.

तिला समजावलं. ऑर्किडची एक दांडी केवढ्याला जाते, वर्षात सत्तरचे दोन लाख कसे होतात, मग शेड काय, दुमजली बांध. ती बराच वेळ सुईत दोरा ओवत राहिली. मग म्हणाली, मार्चअखेर ग्रीनहाऊस उभं राहिलं तर ठीक, नाहीतर पैसे परत आणि गच्ची माझी. जूनला शाळा उघडते, दोनशे युनिफॉर्मची ऑर्डर आहे, ती हुकली तर शाळा पुन्हा दारात उभं करणार नाही. बरंच बोलली.

नोंद: सत्तर हजार मंजूर. मुदत मार्चअखेर.

११ जानेवारी
फाईल उघडली. नऊ लेखाशीर्षं. फाईल, रंगीत टॅब, नकाशाचं लॅमिनेशन मिळून साडेअठराशे. ऑर्किडवरचं पुस्तक आणि हवेतला ओलावा मोजायचं मीटर, चोवीसशे पन्नास. पाया भक्कम हवा.

२० जानेवारी
वेल्डर येऊन गेला. गल्लीच्या टोकाला दुकान आहे त्याचं. पाच मिनिटं टेप फिरवला आणि म्हणाला, अडतीस हजार, आठ दिवसांत उभं करून देतो. हसू आलं. त्याला म्हटलं, तोंडी काही चालत नाही, तीन लेखी कोटेशनं लागतात. म्हणाला, साहेब, या भागात वेल्डर मी एकटाच आहे. म्हटलं, मग तिन्ही तूच दे.

२९ जानेवारी
तिन्ही आली. शेहेचाळीस, एकोणपन्नास, बावन्न. तुलनात्मक तक्ता केला, शेहेचाळीसचं मंजूर केलं. सरळ सहा हजारांची बचत. बायकोला सांगितलं. तिने विचारलं, अडतीसचं काय झालं. ते तोंडी होतं, असं सांगितलं. तिच्या तोंडात टाचण्या होत्या म्हणून ती पुढे काही बोलली नाही.

८ फेब्रुवारी
माती आली. चोवीस पोती, हमाली धरून पाच हजार शंभर. गच्चीला आता खरा रंग चढला.

१० फेब्रुवारी
नर्सरीवाल्याकडे गेलो. म्हणे ऑर्किडला माती चालत नाही, मुळं कुजतात. कोळसा लागतो, झाडाची साल लागते, नारळाची सोडणं लागतात. माणूस अर्धवट वाटला. घरी येऊन पुस्तकात पाहिलं. पुस्तकातही तेच आहे. पुस्तक जानेवारीतच घेतलं होतं, पण वाचनाची तरतूद फेब्रुवारीत होती.

'माती' या शीर्षाचं नाव बदलून 'इतर' केलं.

३ मार्च
वेल्डर पंधरा हजार अॅडव्हान्स मागतो. कामाआधी पैसे नाहीत, हा नियम मी भल्याभल्या कंत्राटदारांना लावलाय. त्यानेही पैशांआधी पाइप नाहीत असा नियम केलाय. बघू कोण आधी नमतं.

१९ मार्च
कोणी नमलेलं नाही. बायकोने विचारलं, कुठवर आलं. नव्वद टक्के, असं सांगितलं. कागदावर आहेच तेवढं.

३० मार्च, सकाळी ६
शिल्लक साठ हजार सहाशे, आणि उद्या मार्चअखेर. पैसा पडून राहिला की परत जातो. माझ्या शाखेचा एकतीस वर्षांत एक पैसा परत गेलेला नाही. एका वर्षी शेवटच्या दुपारी नऊशे पायपुसणी घेतली होती. साहेबांनी पाठ थोपटली होती.

३१ मार्च, संध्याकाळी ६
फत्ते. बेचाळीस ऑर्किड, प्रत्येकी बाराशे. उरलेल्या दहा हजार दोनशेचं हवेत वाफ सोडणारं यंत्र. शिल्लक शून्य, खर्च शंभर टक्के. नर्सरीवाल्याने चहा पाजला, रोपं स्वतः टेम्पोत भरून दिली. मुळीच अर्धवट नाही तो, मीच घाई केली.

ग्रीनहाऊस होईपर्यंत रोपं हॉलमध्ये ठेवली. बायकोने विचारलं, पैसे कुठेत. म्हटलं, हेच. ती स्वयंपाकघरात गेली आणि दार लावून घेतलं. आनंद पचायला काहींना वेळ लागतो.

४ एप्रिल
बायको बोलत नाही. निरोप मदतनीस बाईंमार्फत येतात. आजचा निरोप: जेवण झाकून ठेवलंय.

१२ एप्रिल
यंत्र अखंड चालू. ओलावा ऐंशी टक्के, अगदी पुस्तकाप्रमाणे.

१६ एप्रिल
युनिफॉर्मच्या पांढऱ्या कापडाचे दोन गठ्ठे बुरशीने गेले. नुसते काळे ठिपके. बायको कापड मांडीवर घेऊन रडली, आवाज न करता. मला तिच्याकडे बघवेना.

विचारांती: ग्रीनहाऊस वेळेत झालं असतं तर हे घडलंच नसतं. याला सर्वस्वी वेल्डर जबाबदार.

२२ एप्रिल
बायको काल शाळेत जाऊन आली. जे झालं ते तिने मुख्याध्यापिकेला जसंच्या तसं सांगितलं म्हणे, मला न विचारता. घराण्याची अब्रू वेशीवर टांगली. त्यांनी मात्र तिला निम्मी रक्कम आगाऊ दिली.

आज सकाळपासून गच्चीवर खडखडाट. वर गेलो तर वेल्डर. विचारलं, कोणाच्या आदेशाने. म्हणाला, ताईंच्या. किती? अडतीस. लेखी? तोंडी.

३० एप्रिल
शेड उभी. आठ दिवस लागले. मशीनं वर गेली. दर्जा कसा राहील, सांगता येत नाही.

२० मे
ऑर्किड नऊ उरली. नर्सरीवाल्याला म्हटलं, अर्ध्या किमतीत परत घे. मग म्हटलं, फुकट घे. म्हणाला, ठेवायला जागा नाही.

९ जून
दोनशे युनिफॉर्म वेळेत गेले. शाळेने आणखी तीनशेची ऑर्डर दिली. आज बायकोने वर बोलावलं, स्टुलावर बसवलं. सव्वादोन महिन्यांत प्रथमच समोरासमोर बोलली. म्हणाली, कापडाचं नुकसान मी सोडलं, पण सत्तर हजार सोडणार नाही. बटणं लावायला माणूस हवाच होता. शर्टामागे तीन रुपये, वहीत वजा होत जातील.

मदतनीस बाईंनी सुई कशी धरायची ते दाखवलं. दिवसभरात चौदा शर्ट. लगेच हिशेब मांडला: चार वर्षं, सहा महिने, चोवीस दिवस. सुट्ट्या न धरता.

१० जून
चौदापैकी नऊ शर्ट परत आले. बटणं ओढली की हातात येतात. कालची मजुरी पंधरा.

सुधारित आकडा काढला: बारा वर्षं, नऊ महिने. तेव्हा मी त्र्याहत्तरचा होईन. बायकोला वाचून दाखवलं. तिने मशीन न थांबवता ऐकलं. म्हणाली, मग उद्या नऊला ये, उशीर नको.