पापलेटवर ओतलेलं पाणी

प्रिय सुमन,

१४ मे, दुपारी एक वाजून चाळीस मिनिटं. मासळी बाजारातल्या तुझ्या ओट्यामागे तू बर्फाची पेटी उघडायला उठलीस आणि कोसळलीस. मी समोर पिशवी धरून उभी होते, म्हणून वेळ पक्की ठाऊक आहे. आज लिहितेय, कारण काल त्याच ओट्यावर तुझी मुलगी प्रतीक्षा बसलेली दिसली. ओठ कोरडे, फुटलेले. अगदी तुझ्यासारखे.

"पाणी प्यायलीस का गं?"

"नाय मॅडम. प्यायलं का जावं लागतं. जायचं कुठं? कुलूप हाय."

हेच तुझ्याकडून किती वर्षं ऐकलं मी? सकाळी सारसोळ्याहून निघायचीस, ती तीनला घरी पोहोचेपर्यंत घोटभर पाणी नाही. बाजारातल्या बायकांच्या संडासाला कायमचं कुलूप. चावी म्हणे वॉचमनकडे, आणि वॉचमन कुठे ते देव जाणे.

एकदा मी माझी बाटली तुला दिली. तू ती सरळ पापलेटवर ओतलीस.

"माझं फिल्टरचं पाणी माशाला?"

"मावरं सुकलं तर तूच नाक मुरडशील. मला कोन घेतंय?"

आणि मी काय केलं? तेच पापलेट घेऊन घरी गेले.

शेवटी शेवटी तू गिऱ्हाइकांवर खेकसायचीस, डोकं धरून बसायचीस, पायांत गोळे येतात म्हणायचीस. मला वाटलं, बाई उद्धट झाली. आठवडाभर तुला दाखवून शेजारणीकडून बोंबील घेतले. ते तुझं शरीर पाणी मागत होतं, हे मला कळू नये?

हॉस्पिटलात डॉक्टरीणबाईंनी तुझी जीभ पाहिली, गळ्याखालची कातडी चिमटीत धरून सोडली. कातडी सावकाश खाली बसली. नाडी पळत होती, रक्तदाब घसरलेला. "सकाळपासून लघवी कितीदा झाली?" प्रतीक्षा काय सांगणार? नळी घातल्यावर पिशवीत जेमतेम चमचाभर आली, काळ्या चहाच्या रंगाची.

"शरीर आधी लघवी कमी करून पाणी वाचवतं," बाई म्हणाल्या. "मग हृदय धावून रक्तदाब सांभाळतं. तेही जमेनासं झालं की किडन्यांना रक्त पुरत नाही. हे एका दिवसाचं नाही."

तिसऱ्या दिवशी तू गेलीस.

गिऱ्हाइकाशी भांडताना अख्खा बाजार गोळा करायचीस, सुमन. कुलपासाठी का नाही भांडलीस? लघवीचं नाव काढायची लाज?

मला ती नाही. सकाळी वॉर्ड ऑफिसात गेले. साहेब म्हणाले, "आजी, वय झालं की माणसं जातात."

"ती बावन्नची, मी अडुसष्टची. मग आधी माझा नंबर होता," मी म्हटलं.

बाजारासमोरच्या माझ्या घराची जादा किल्ली आजपासून प्रतीक्षाच्या कमरेला आहे. रोज दोन बाटल्या नेईन, एक तिची, एक पापलेटची. तिला तुझ्या वाटेने जाऊ देणार नाही. ही किल्ली तुला द्यायचं मला का सुचलं नाही, याला माझ्याकडे उत्तर नाही.

साहेबांकडून मात्र उत्तर घेणार. कॉन्व्हेंटच्या सिस्टरांनी घोटवलेल्या अक्षरात तक्रार देऊन पोच घेतलीय. शेवट तुझ्यासाठी उतरवते:

"येत्या सोमवारी दुपारी एक वाजून चाळीस मिनिटांच्या आत कुलूप कधी निघणार याचं लेखी उत्तर द्यावं. न दिल्यास बाजारातल्या सगळ्या बायका पोटभर पाणी पिऊन आपल्या कार्यालयात येतील."

तुझी भांडखोर गिऱ्हाईक,
ललितामॅडम