बाबुलाल मारबते यांच्या मागे फिरत्या खुराड्यांची व्यवस्था

मी, बाबुलाल सोमाजी मारबते, वय सत्तरीच्या आसपास, धंदा आधी मासेमारी व आता कोंबड्या, राहणार मौजा बोडीटोला, ता. चामोर्शी, जि. गडचिरोली, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीवर लिहीत आहे. माझे गुडघे कामातून गेले आहेत, डोके नाही. मजवर कोणाचा दबाव नाही. सून रुखमा हिने आत्ताच चहा आणून ठेवला, त्यास दबाव समजू नये.

१. राहते घर, बैलबंडी व धानाची बांधी (शेत) मुलगा धनराज यास द्यावी. "बाबा, मलेच देता ना सारं?" असे त्याने विचारले होते. सारे नाही. पुढे वाचावे.

२. कोंबड्यांची सर्व फिरती खुराडी, त्यातला माल आणि घरामागची गवताची पट्टी रुखमाच्या एकटीच्या नावे. खुराडी मी बांबूची बांधली. खाली बूड नाही, वर माझे मासे धरायचे जुने जाळे. पाण्यात उतरणे बंद झाले तेव्हा जाळे फेकवेना, म्हणून हा धंदा सुचला. रोज सकाळी खुराडे त्याच्या लांबीइतके पुढे ओढायचे. कोंबड्यांना ताजे गवत, मागे जमिनीला खत. चामोर्शीच्या बाजारात आमचीच कोंबडी आधी संपते, हे अभिमानाने लिहितो.

धनराजला का नाही? मी दवाखान्यात आणि रुखमा माहेरी असताना या गड्याने खुराडी जागची हलवलीच नाहीत. परत येऊन पाहतो तर पिल्ले घाणीत बसलेली, निम्मी आजारी. "काऊन रे?" तर म्हणे, "दाणा तं टाकत होतो ना, बाबा!" मग ओढली ती अशी दणक्यात, की मागच्या बांबूखाली कोंबड्यांचे पाय सापडले. अरे बाबा, ब्रॉयलर कोंबडी जेवून बसलेल्या पाहुण्यासारखी, तिला उठायला वेळ द्यावा लागतो! रुखमा मागे उभी राहून "चाला माय, चाला" म्हणते, सगळ्या चालू लागल्या की मगच ओढू देते.

आता धनराजला सिमेंटचे पक्के शेड हवे आहे, म्हणजे ओढायची कटकटच नको. माझा जीव इथेच अडकला आहे. माझ्यामागे ही खुराडी एका जागी थांबता कामा नयेत. सबब, ओढायचा दोर तेवढा धनराजला देतो. रुखमाने हो म्हटल्यावर ओढावे, आधी नाही.

३. शेजारी गुणवंतराव. माझे एक खुराडे अधूनमधून सकाळी धुऱ्यापलीकडे, याच्या शेतात सापडायचे. म्हणे, "कोंबड्यांनीच सरकवलं असंन, भाऊ." त्याच्या धानाला खत पाहिजे होते, तोंड उघडून मागणे त्याला जमत नव्हते. फार राग केला मी त्याचा. आता लिहून देतो की कापणीनंतर एक खुराडे त्याच्या बांधीत न्यावे, दिवसाढवळ्या. सही करण्याआधी त्याला हे वाचावेच लागेल, म्हणून साक्षीला मुद्दाम बोलावले आहे.

४. मी जाईन त्या दिवशी चूल पेटणार नाही. भाऊबंद म्हणतील, आज कशालेच हात लावू नका. त्यांचे ऐकू नये. कोंबड्यांना सुतक नसते. आधी खुराडी सरकवावी, मग मला उचलावे.

तोवर सरकवायला मी आहेच.

बोडीटोला, दि. १४ डिसेंबर २००३
बाबुलाल सोमाजी मारबते (सही)

साक्षीदार:
नीलाबाई, अंगणवाडी सेविका (सही)
गुणवंतराव, शेजारी (सही). सारे वाचले. त्या दिवशी धनराज विसरला तर खुराडी मी सरकवीन. मले सवय आहे.