पाहुण्याने नळी पुसली

प्रिय ओर्फिलिया,

सगळ्यांत आधी आली ती खाटकाची एल्बा, रक्ताचे डाग पडलेला एप्रन तसाच, आणि दारातूनच म्हणाली, "देल्मिराबाई, तुमच्या नातजावयाची पतपेढी बुडाली." तेव्हा पत्र असं मधूनच सुरू झालंय, रागावू नकोस. तुझे गुडघे कसे आहेत? तुझ्या तेओदोरोरावांचा खोकला? इथे आम्ही सगळे देवाच्या कृपेने उभे आहोत आणि पतपेढीही उभी आहे, पण ती कशी उभी राहिली ते नीट बसून वाच.

मागच्या हिवाळ्यात देशभर बँकांनी दारं लावली, तेव्हा आपल्या चौकातली मोठी बँक बंद झाली ती झालीच. आता तिथला कारभार कबुतरं बघतात. उरली ती आपल्या वाल्देमारची पतपेढी. दूधवाल्यांचे पैसे तिथून, गुरांच्या चाऱ्याचं कर्ज तिथून. आणि एवढ्या संकटानंतर देशाच्या पैशाचं घर कितपत पक्कं राहिलंय ते ठोकून बघायला परदेशातली मंडळी आली, त्यांच्याकडून दोघे आपल्याकडेही आले. एक होल्मसाहेब, खांबासारखा उंच, आणि दुसरी राजधानीच्या सरकारी बँकेतली बेरेनिस, त्याचं बोलणं आपल्याला सांगणारी. (पोर गुणी आहे, पण अंगावर मांस म्हणून नाही. मी तिला तळलेल्या पुऱ्या बांधून दिल्या.)

सकाळी वाल्देमारने रीतीप्रमाणे तुंब्यात येर्बाचा कडू पाला भरून कढत पाणी ओतलं, पहिला स्वतः नळीने प्यायला, पुन्हा पाणी ओतून त्याच नळीसकट साहेबापुढे धरला. आणि अगं, त्या माणसाने खिशातून रुमाल काढला आणि नळी पुसली. बुडापासून टोकापर्यंत. मी तर भांडलेल्या विहिणीच्या तोंडची नळीसुद्धा पुसणार नाही. हे सगळं रस्त्याकडच्या काचेतून एल्बाने पाहिलं. आता तूच सांग, एवढ्या लांबून हिशेब तपासायला आलेला माणूस वाल्देमारच्या नळीला तोंड लावत नाही, तर गावाने काय समजायचं? की याला काहीतरी कळलंय.

मी शाल गुंडाळून पोचले तोवर रांग चर्चच्या पायऱ्यांपर्यंत गेली होती. वारा असा की कान गळून पडावेत, पण एक माणूस हलेना. कोणी ओरडत नव्हतं, त्याचीच मला जास्त भीती वाटली. मागच्या वर्षीही लोक असेच गप्प उभे होते.

"काय आजी, नातजावई पळतोय का?" गवळ्यांचा रामिरो म्हणाला.

"पळेल कशाने? त्याची गाडी सुरू करायला चार माणसं ढकलायला लागतात," मी म्हटलं. हसलं कोणीच नाही.

आत वाल्देमार मेणबत्तीसारखा पांढरा. माझ्या कानात म्हणाला, आजी, कर्जं सगळी चोख आहेत, पण ती शेतात आहेत, गोठ्यात आहेत. पेटीत आहे ते दुपारपर्यंत पुरेल, मग मला शटर ओढावं लागेल. आणि एकदा ओढलेलं शटर या देशात कोणी वर जाताना पाहिलंय का?

मी काही शिकलेली नाही, पण कुठे दुखतंय ते मला कळलं. साहेबाला खुर्चीसकट काचेपाशी आणवलं. माझा तुंबा काढला, पहिला मी प्याले, दुसरा त्याच्या हातात दिला. त्याचा हात पुन्हा खिशाकडे. मी त्या हातावर माझा हात ठेवला आणि बेरेनिसला म्हटलं, सांग याला, आज रुमाल निघाला तर गाव बुडेल. ती कुजबुजली. साहेबाने काचेकडे पाहिलं. बाहेर नुसती नाकं चिकटलेली. त्याने डोळे मिटले आणि नळी तोंडात धरली.

पण पाणी कढत होतं गं. त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी. बाहेर एल्बा म्हणाली, "रडतोय. संपलं सगळं." रांग एकदम पुढे सरकली, काच करकरली. वाल्देमारचा हात शटरच्या साखळीवर गेला. तेवढ्यात साहेबाने रिकामा तुंबा माझ्यापुढे धरला. आणखी हवा होता त्याला. मी ओतला. मग तिसरा. चौथ्याला रामिरो म्हणाला, गाई खोळंबल्यात, आणि निघून गेला. मग शेपटीकडून रांग विरत गेली. एल्बा शेवटी गेली, पैसे न काढताच.

बेरेनिस म्हणाली, यांच्या कागदात एक प्रश्न असतो, अफवा उठली तर लोक किती लवकर पैसे मागतील. मी म्हटलं, लिहा की मग, काचेतून दिसलंच आहे. साहेब हसला आणि लगबगीने परसाकडे गेला. (सवय नाही बिचाऱ्याला.) तपासणी अर्धीच राहिली.

तुझी आनंदात असलेली थोरली बहीण,
देल्मिरा

ता. क. तेओदोरोरावांना घेऊन ये. त्यांच्याइतका संशयी माणूस जिल्ह्यात नाही. त्यांनी पतपेढीच्या खिडकीवर चार लोकांदेखत पैसे भरले, तर गाव शांत झोपेल.

ता. क. २. मागच्या वर्षी माझं नोटांचं पुडकं तुझ्या पेटीत ठेवलं होतं, तेही आण. गावाला वाटतं ते पहिल्या दिवसापासून वाल्देमारच्या पतपेढीतच आहे. मी मागच्या दाराने भरीन. उशीर नको, पाहुणे उरलेलं तपासायला सान हुआनच्या सणाच्या आदल्या सोमवारी येतो म्हणालेत.