आबांच्या घरी निरंक

पाथरी, १८ फेब्रुवारी १९८६

चहाचा एक थेंबही बशीत सांडला नव्हता. दुपारपासून तेच डोक्यात फिरायलंय.

अपंगांच्या सर्व्हेसाठी आम्हा मास्तरांना गावं वाटून दिलीत. आज माझ्या वाट्याच्या गावातलं शेवटचं घर आबांचं. जमीनजुमला भरपूर, ओसरी ऐसपैस. एक आंधळी पोरगी भिंतीला हात लावत आली आणि कप-बशी नेमकी माझ्या हाताशी ठेवून गेली. मी फॉर्म काढला.

"गुरुजी, आमच्यात अपंग कुणी न्हाई," आबा घाईनं म्हणाले.

"मग ही?"

"ही कामाला हाय."

पोरीचं नाक-कपाळ हुबेहूब आबांचं. मी एकदा तिच्याकडे, एकदा त्यांच्याकडे पाहिलं, तसा त्यांनी आवाज खाली आणला. "थोरली हाय माझी. पर धाकटीला बघायला पाव्हणे यायलेत. कागदावर हिचं नाव चढलं की मोडलं समजा."

तेवढ्यात आतून तिनंच विचारलं, "मालक, गुरुजींना अजून चहा आणू का?"

मालक! किती दिवस शिकवलं असेल हे तिला?

माझा डावा पाय पोलिओत गेला. तेव्हा अशाच एका फॉर्मात कुणीतरी माझं नाव लिहिलं, म्हणून ही मास्तरकी. नाहीतर मीही कुणाच्या तरी ओसरीवर 'कामाला' असतो. हे सगळं ठाऊक असून मी काय केलं? अपंगांच्या रकान्यात 'निरंक' लिहिलं, आबांची सही घेतली.

आणि दुसरा कपही प्यालो. तोही सांडला नव्हता.