न वाचलेल्या दोन ओळी

४ ऑगस्ट

ती. आईस सा. न.

गुडघे बरे आहेत असं धरून चालतो, कारण तू सांगणार नाहीसच. ताईकडून कळलं, तू विद्यापीठात फारसीला नाव घातलंस आणि रोज दोन बस बदलून जातेस. साठाव्या वर्षी? बाबा जन्मभर कोर्टात फारसी कागदांची भाषांतरं करत होते, तेव्हा तू त्यांच्या पुस्तकांवरची धूळसुद्धा झटकली नाहीस. आता ते जाऊन वर्ष झालं आणि तू त्यांचाच शब्दकोश घेऊन बसतेस. मी आलो तेव्हा उशीखाली एक कागद सरकवलास, तेही पाहिलं. कोणी तुझी सही तर मागत नाही ना? काय असेल ते खरं लिही.

रागावू नकोस, लोभ आहेच.

तुझा,
ढब्बू

११ ऑगस्ट

चि. ढब्बूस अनेक आशीर्वाद.

तू पोलिसातच जायला हवं होतंस! सही कोणी मागत नाही. तू लहान असताना मी त्याच कोर्टात टायपिस्ट होते, हे तुला माहीत आहे. एका घराच्या दाव्यात बाबा जुन्या फारसी दानपत्रावर बोट ठेवून अर्थ सांगत होते, मी टाइप करत होते. दोन ओळींवरून त्यांचं बोट न थांबता पुढे सरकलं. त्या निकालात एका बाईचं घर गेलं. घरी येऊन बाबा जेवले नाहीत. मी विचारलं नाही, पण दानपत्राची नक्कल ठेवली. तोच तो कागद; त्या दोन ओळी मला स्वतःला वाचायच्या आहेत. ताईला यातलं काही सांगू नकोस.

सांभाळून राहा.

आई

२ मार्च

चि. ढब्बूस अनेक आशीर्वाद.

ओळी लागल्या. आमच्या मॅडमकडून खात्रीही करून घेतली. दान देणाऱ्याची बिरुदं आहेत आणि त्याला उदंड आयुष्य मागितलंय, बस. घराबद्दल अक्षर नाही. मॅडम म्हणाल्या, असा मजकूर कोणताही भाषांतरकार सोडूनच देतो. त्या बाईचं वाईट वाटलं म्हणूनच बाबा त्या दिवशी जेवले नसतील.

मला हायसं वाटायला हवं होतं. पण वर्गातून निघाले ती जिन्यातच बसून राहिले. शेवटच्या आठवड्यात दवाखान्यात त्यांनी माझा हात धरून विचारलं होतं, की इतकी वर्षं तू माझ्याबद्दल मनात काय धरून आहेस? मी म्हटलं, काहीच नाही.

माझ्यावर लोभ ठेव.

आई