दोन घरांचा एक बॉयलर

९ नोव्हेंबर, रविवार

बॉयलरच्या दाबाचा काटा पुन्हा शून्यावर. बॉयलर बंद, खोल्या तापवणारे रेडिएटर गार, आणि हे दोन स्वेटर घालून पेपर वाचतायत. "प्लंबरला बोलाव," म्हणाले, पेपर खाली न घेता. मग बाबांनी मला पाना धरायला कशाला शिकवलं?

तळघरात उतरले, पाणी भरलं, काटा दीडवर आणला, बॉयलर सुरू केला. आठवड्यात तिसऱ्यांदा. बंद पाइपांतलं पाणी आहे, फिरून तेच येतं. कमी होतंय म्हणजे कुठंतरी गळतंय.

१० नोव्हेंबर, सोमवार

सगळे सांधे तपासले. कागदी रुमालाचा तुकडा प्रत्येक सांध्याला गुंडाळायचा आणि तासाभरानं बघायचं — ही बाबांची पद्धत. डोळे फसतात, कागद फसत नाही, असं म्हणायचे. सहा रेडिएटर, बारा सांधे, बारा कोरडे कागद. माझ्याकडे थेंबसुद्धा गळत नाही. म्हणजे भिंतीपलीकडे. ताईकडे!

घर बाबांचं. ते गेल्यावर मधल्या पॅसेजमध्ये लांबच्या लांब भिंत घातली. इकडे मी, तिकडे ताई. दारं वेगळी, मीटर वेगळे, घंटा वेगळ्या. बॉयलर तेवढा एकच राहिला, माझ्या तळघरात, कारण तेव्हा दोघींनाही वाटणी एकदाची उरकायची होती. तीन वर्षं झाली, बोलणं नाही. काही निरोप असला तर भाची आणते.

का बोलत नाही तेही लिहून टाकते, ही वही कोण वाचणार आहे! बाबांना अकरा महिने मी उठवलं, बसवलं, धुतलं, पुसलं. एका दुपारी मी औषधं आणायला गेले आणि तेवढ्यात ताईनं गाडी बोलावून त्यांना दवाखान्यात नेलं. नवव्या दिवशी तिथंच गेले. घरी यायचं म्हणत होते की नाही, देव जाणे. मी सगळ्या नातेवाइकांसमोर तिला म्हटलं, "तू बाबांना नेऊन टाकलंस." ती काही बोलली नाही. तेव्हाही नाही, नंतरही नाही. बोलणार काय? खरंच होतं ते.

१२ नोव्हेंबर, बुधवार

यांनी माझ्या नकळत प्लंबरला फोन केलाच. आला, कमरेवर हात ठेवून बॉयलरकडे बघत राहिला. "बाई, घरं दोन आणि बॉयलर एक, हे कसं चालायचं? त्यांची लाइन तोडा, बूच मारा, मोकळ्या व्हा. त्यांचा त्या बसवतील." चहा पिऊन गेला.

बोलला ते पटलं. पण बूच मारायला तो कशाला? ते मला येतं. आधी एक करायचं — तळघरातून ताईकडे जाणारे दोन्ही व्हॉल्व्ह दोन दिवस बंद ठेवायचे. काटा टिकला तर गळती तिकडची, हे सिद्ध. मग बूच.

भाचीला म्हटलं, आईला विचार, दोन दिवस चालेल का. दहा मिनिटांत निरोप. "मावशी, आई म्हणाली, कर तुला काय करायचं ते."

असं बोललं की माणूस आपोआप शहाणं ठरतं. लहानपणापासून हेच.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

व्हॉल्व्ह बंद केले. काटा दीडवर.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

दीडवर! केसभरसुद्धा हलला नाही. यांनी एक स्वेटर उतरवला. दुकानातून दोन बूच घेऊन आले, दाराजवळ ठेवलेत.

जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं. वाटलंही, जेवणापर्यंत. नंतर पॅसेजमधून येता-जाता भिंतीला हात लावून बघत होते. गार आहे. आता ती गारच असणार की, नवल कसलं.

१५ नोव्हेंबर, शनिवार

भाची आली. घरात हातमोजे घालून बसते म्हणाली. "आईला खोकला झालाय. पण तुला सांगायचं नाही असं बजावलंय मला." सांगायचं नाही म्हणून सांगितलं, माझ्यावरच गेलीय.

मग तिनं फोनमधला फोटो दाखवला. त्यांच्या पॅसेजमध्ये कपाट हलवलं, तर मागं मोठा डाग. ओल चढत-उतरत चांगली दोन हात पसरलीय, रंगाचे पोपडे सुटलेत. "आई म्हणते, मागच्या महिन्यापासून आहे. गळतं ते हेच का?"

मी विचारलं, डागाचा मध्य किती उंचीवर आहे? तिनं छातीशी हात धरला. मागच्या भिंतीपासून किती? "चार पावलं असेल."

ती गेली. मी माझ्या बाजूनं मागच्या भिंतीपासून चार पावलं टाकली. समोर छातीच्या उंचीवर माझी फळी. लोणच्या-मसाल्यांची नाही, हत्यारांची — खिळ्यांचे डबे, टेप, वॉशर, सगळा माझा संसार.

आज हात लावत नाही.

१६ नोव्हेंबर, रविवार

डबे उतरवले. फळीला चार स्क्रू. तीन खटाखट निघाले, कोरडे. चौथा फिरवला तर तपकिरी आणि ओला. अजून दोन फेरे दिले आणि मनगटावर काळं पाणी आलं. रेडिएटरचं पाणी काळंच असतं, ओळखायला चूक होत नाही. घाईघाईनं परत आवळला.

भिंत उभी राहिली त्याच्या दुसऱ्याच आठवड्यात ही फळी लावली होती. रागाच्या भरात, ड्रिल घेऊन, कुणालाही बाजूला न थांबू देता. बाबांचा पहिला धडा काय होता? भिंतीला भोक पाडण्याआधी डोळे मिट आणि पाइप आठव. आठवायचं तरी काय, ताईकडे वर जाणारा पाइप भिंतीच्या पोटातून कुठून घ्यायचा ते गवंड्याला मीच बोट लावून दाखवलं होतं! स्क्रूनं पाडलेलं भोक स्क्रूनंच बुजवून धरलं, तीन वर्षं. आता तो गंजला.

म्हणजे काटा दोन दिवस टिकला तो माझ्या बाजूनं पुरावा म्हणून नव्हे. गळती ताईच्या लाइनीत आहे, पण केलेली माझी आहे. आणि थंडीत बसलीय ती.

यांनी विचारलं, सापडलं का काही? नाही म्हटलं. कर नाही त्याला डर कशाला म्हणतात. मला डर आहे, कारण कर आहे.

खरं ते लिहिते. बूच दाराजवळच आहेत. मारले की तिची लाइन कायमची बंद. फळी परत लावली की स्क्रू कुणाला दिसणार नाही. ताई मुकाट्यानं नवा बॉयलर बसवेल. ती विचारणारसुद्धा नाही. भीती वाटते ती याचीच, की हे किती सोपं आहे.

१७ नोव्हेंबर, सोमवार

बूच परत करून आले. दुकानदार म्हणाला, "माप चुकलं का, ताई?" हो म्हटलं.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

छिन्नी-हातोडीनं गिलावा फोडला. वीतभर खिडकी झाली. पाइपातलं पाणी बादलीत सोडलं, भोकाच्या दोन्ही बाजूंनी कापून तुकडा काढला, नवीन जोड बसवला, दोन पान्यांनी आवळला. सांधा सरळ बसला. तुकडा आणि स्क्रू जपून ठेवलाय. केस पांढरे झाले तरी बाबांच्या तपासणीची भीती जात नाही.

आता ताईच्या पाइपांत हवा भरलेली असणार. ती काढायला दोन माणसं लागतात — एक तळघरात, नळावर हात आणि काट्यावर डोळा ठेवून. दुसरं वर, रेडिएटरची किल्ली फिरवायला. यांना तालीम म्हणून खाली उभं केलं. नळ असा सोडला की काटा तीनवर, आणि सेफ्टी व्हॉल्व्हमधलं पाणी थेट यांच्या चपलांवर. "मी वाचत होतो तेच बरं होतं," म्हणाले. सोडून दिलं.

म्हणजे खाली मीच. वर कोण? भाची दिवसभर नोकरीवर. निरोप पाठवला — दुरुस्ती झालीय, हवा काढायला उद्या दुपारी कोणीतरी वर हवं.

उत्तर: "आई म्हणाली, माझी किल्ली आहे माझ्याकडे."

बाबांनी दोघींना एकेक दिली होती.

१९ नोव्हेंबर, बुधवार

बाबांना घरात आरडाओरडा चालायचा नाही. म्हणून त्यांनी पाइपवरच्या ठोक्यांच्या खुणा ठरवल्या होत्या. एक ठोका — पाणी सोड. दोन — बंद कर. तीन — झालं, वर ये. मी धाकटी म्हणून कायम तळघरात, ताई वर.

आज काहीच ठरलं नव्हतं. ताईकडचे दोन्ही व्हॉल्व्ह उघडून मी नळाशी उभी. तीनच्या सुमाराला वरून एक ठोका आला. हात आपोआप नळावर गेला. पाणी चढल्याचा आवाज, मग दोन ठोके. बंद. पुढचा रेडिएटर. पाच रेडिएटर, पाऊण तास, एक शब्द नाही, एक चूक नाही. काटा दीडच्या आसपासच राहिला. यांना दाखवायला हवं होतं.

शेवटी तीन ठोके.

मी तशीच उभी राहिले, हात पुसत. बराच वेळ हात पुसले. मग माझ्या जिन्यानं माझ्या घरात आले. मला भीती वाटते तिची. स्क्रू दाखवला आणि ती नुसती "बरं" म्हणाली तर?

२० नोव्हेंबर, गुरुवार

गेले. स्क्रू तिच्या टेबलावर ठेवला. म्हटलं, हा माझा. पाइपात मीच घातला. ओल माझी, खोकलाही माझाच.

तिनं तो उचलून उजेडात धरला. मग म्हणाली, "बाबांना मी माझ्या मनानं नेलं नाही गं. तेच म्हणाले, धाकटीची पाठ मोडेल, ती ऐकायची नाही, ती बाहेर गेलीय तोवर मला ने. तिला मात्र सांगू नकोस."

तीन वर्षं का नाही बोललीस, विचारलं.

"सांगू नकोस म्हणाले होते."

मग आज?

"तू स्क्रूचं सांगितलंस ना."